फॅटवुड : ओल्या रानात शेकोटी पेटवणारे राळेचे लाकूड

ऑक्टोबरात जॉर्जिया, टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरांत पानांचे रंग पाहायला निघालेल्या गर्दीत मराठी कुटुंबांचे तंबूही दिसतात. तंबू ठोकला जातो, मक्याची कणसे आणि बटाटे बाहेर निघतात आणि नेमकी दुपारपासून लागलेली रिपरिप शेकोटीचा बेत हाणून पाडते. दुकानातून आणलेला सरपणाचा गठ्ठा भिजलेला असतो. कागद भुरकन जळून जातो, काटक्या नुसत्या धुमसतात, मुले डोळे चोळत गाडीत जाऊन बसतात. अशा वेळी कोणीतरी पेट्रोलच्या कॅनकडे वळतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि राखेत दडलेला एखादा निखारा मिळताच भडका ओतणाऱ्याच्या पायांपर्यंत येऊन पोहोचतो. शेकोटीने भाजण्याच्या दुर्घटनांत हा प्रकार पुन्हा पुन्हा आढळतो. धुमसत्या लाकडांवर लायटर फ्लुइडची पिचकारी मारणेही त्याच जातीचे धाडस आहे.

वास्तविक अशा रानात पेटवण्याचे साधन बहुधा तंबूपासून हाकेच्या अंतरावर पडलेले असते. कुजून भुसभुशीत झालेल्या पाइनच्या खोडातून एखादी टणक खुंटी बाहेर डोकावत असते. बाहेरून ती करडी, निर्जीव दिसते. सुरीने तिची कड तासली, की आतून मधाच्या रंगाचे लाकूड निघते आणि टर्पेंटाइनचा उग्र वास दरवळतो. हेच फॅटवुड. अमेरिकेच्या दक्षिणेत त्याला लायटर वुड, फॅट लायटर किंवा लायटर नॉट म्हणतात. न्यू इंग्लंडमधील जुन्या वसाहतवाल्यांनी त्याच्या ढलप्या मेणबत्तीच्या जागी जाळल्या, म्हणून तेथे त्याला कँडलवुड हे नाव पडले.

हे नवे ज्ञान नव्हे आणि एकट्या अमेरिकेचेही नव्हे. कुमाऊँ-गढवालच्या खेड्यांत चिडाच्या राळयुक्त ढलप्यांना छिलुक म्हणतात. वीज येण्यापूर्वी चूल पेटवणे आणि रात्रीची वाट उजळणे ही दोन्ही कामे छिलुकच करत असे. नेपाळात तोच दियालो. मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या बाजारांत त्याच्या जुड्या ओकोते या नावाने विकल्या जातात, आणि हा शब्द थेट नाहुआत्ल भाषेतून आलेला आहे. सह्याद्रीच्या रानात मात्र पाइन नाही. तेथे वाळके गवत, कारवीच्या काठ्या आणि गवऱ्या यांवर शेकोटी पेटते, त्यामुळे गड-किल्ल्यांवर वाढलेल्या मराठी भटक्याच्या हाताला या लाकडाची सवय नसते.

राळ कशी साठते

पाइनच्या जिवंत लाकडात राळेच्या सूक्ष्म नलिका असतात. किडीने पोखरले, फांदी मोडली, वीज पडली, की झाड त्या जखमेकडे राळ सोडते. ही राळ जखम बुजवते, किडीला अडवते आणि बुरशीला आत शिरू देत नाही. झाडाच्या सावलीत वाळून गळणाऱ्या खालच्या फांद्यांच्या बुंध्याशी तर हे काम वर्षानुवर्षे चालू असते. जुन्या झाडाचा गाभा आणि मुळाजवळचा भागही असाच राळेने भरत जातो. पुढे झाड मेले, की साल आणि बाहेरचे पांढुरके लाकूड काही वर्षांत कुजून मातीत मिसळते. राळेने माखलेला भाग मात्र बुरशीला पचत नाही, म्हणून तो मागे उरतो. लाँगलीफ पाइनची खोडे तोडून शंभर वर्षे उलटली तरी त्यांचे बुंधे जमिनीत शाबूत सापडतात.

ते पेटते इतक्या सहज, याचे कारण राळेच्या घडणीत आहे. तिच्यात टर्पेंटाइनमधील पायनीनसारखी बाष्पनशील द्रव्ये आणि ॲबिएटिक आम्लासारखी घट्ट द्रव्ये एकत्र असतात. साध्या लाकडाला पेट घेण्यासाठी आधी अंगातले पाणी वाफेवाटे घालवावे लागते आणि मग अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापावे लागते. तेव्हा कुठे त्यातून ज्वलनशील वायू निघू लागतो. ओल्या लाकडाला दिलेली काडी पाणी उकळण्यातच संपते ती अशी. टर्पेंटाइनची वाफ मात्र साधारण पस्तीस अंशांनाच ठिणगीने पेट घेऊ शकते. शिवाय राळेत पाणी मुरत नाही. लाकूड रात्रभर चिखलात पडले असले तरी वरचा पापुद्रा काढला, की आत ते कोरडेच असते.

कोकणातल्या दशावतारात राक्षसाच्या प्रवेशाला मशालीवर राळेची पूड फेकली जाते आणि एका क्षणात डोळे दिपवणारा भडका उठतो. ती राळ कुठल्या झाडाची, हा भाग वेगळा. पण तत्त्व हेच. राळ जितकी बारीक, तितका हवेशी तिचा संबंध अधिक आणि भडका तितका जलद. फॅटवुड वापरण्याची सारी कृती या एका गोष्टीभोवती फिरते.

शोधावे कोठे आणि ओळखावे कसे

सर्वांत राळदार लाकूड लाँगलीफ पाइनचे. व्हर्जिनियाच्या दक्षिण टोकापासून फ्लोरिडामार्गे पूर्व टेक्सासपर्यंतच्या सपाट, वालुकामय पट्ट्यात ते आढळते. त्याच्या सुया दीड फुटापर्यंत लांब असतात आणि तीन-तीनच्या जुडग्याने येतात. त्याच प्रदेशातील स्लॅश आणि लोब्लॉली पाइनही उपयोगी पडतात. ह्यूस्टनच्या उत्तरेला असलेल्या सॅम ह्यूस्टन नॅशनल फॉरेस्टमध्ये लोब्लॉलीच अधिक. न्यू जर्सीतील एडिसनपासून गाडीने तास-सव्वा तासावर असलेल्या पाइन बॅरन्समध्ये पिच पाइनचे राज्य आहे, आणि त्याच्या नावातच राळ आहे. ईशान्येकडील व्हाइट पाइन, ज्याच्या जुडग्यात पाच सुया असतात, राळेच्या बाबतीत काहीसे उणे ठरते. तरी त्याच्या वाळक्या फांद्यांच्या बुंध्याशी हाताला पुरेसे लाकूड लागते. पश्चिमेकडे पाँडेरोसा पाइन आणि डग्लस फर यांच्या जुन्या बुंध्यांतून असेच लाकूड निघते. ओक, मेपल, हिकरी यांच्या रानात ते शोधणे व्यर्थ आहे.

उभ्या, जिवंत झाडाला हात लावण्याचे कारण नाही. पाहावे ते आडव्या पडलेल्या, सालीविना उरलेल्या पाइनच्या ओंडक्याकडे. लाथेने ढकलल्यावर ज्याचा भुगा पडतो असा ओंडका उत्तम, कारण त्याच्यात जे टणक उरले आहे ते राळेमुळेच उरले आहे. फांद्या जेथून फुटल्या होत्या तेथे खुंट्या दिसतील. त्या अनेकदा हातानेच पिळून निघतात आणि खोडाच्या आत गेलेला त्यांचा भाग निमुळता, गाजरासारखा असतो. राळ असते ती प्रामुख्याने या आतल्या टोकाला.

पारख तीन-चार तऱ्हांनी होते. लाकूड त्याच्या आकाराच्या मानाने जड लागते. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर कुजक्या लाकडाचा बद्द आवाज न येता खणखणीत आवाज येतो. तासलेला भाग पिवळसर केशरी ते तांबूस दिसतो, आणि पातळ ढलपी उजेडासमोर धरली तर ती किंचित पारदर्शक भासते. पण खरा निवाडा नाकाचा. रंगाच्या दुकानात शिरल्यावर येतो तसा टर्पेंटाइनचा वास आला, की शंका उरत नाही. वास न आला तर लाकूड नुसतेच वाळलेले आहे असे समजावे.

एक सावधगिरी येथेच सांगितली पाहिजे. दक्षिणेतील कुजलेल्या बुंध्यांच्या पोकळीत रॅटलस्नेक आश्रय घेतात आणि पडलेल्या ओंडक्याखाली कॉपरहेड हा विषारी साप दबून बसलेला असू शकतो. न दिसणाऱ्या पोकळीत हात घालू नये. ओंडका आधी काठीने हलवावा, आणि उलटताना तो आपल्याकडे ओढावा, म्हणजे खाली काही असेल तर ते पलीकडे निघून जाईल.

किसापासून ज्वाळेपर्यंत

हाताच्या पंजाएवढ्या एका तुकड्यातून दोन-तीन शेकोट्या पेटतात. नवख्या माणसाची पहिली चूक म्हणजे तो अख्खा तुकडा काडीने पेटवू पाहतो. तुकडा पेटत नाही, काड्या संपतात आणि दोष लाकडाला दिला जातो.

तुकड्याचा बाहेरचा करडा थर आधी तासून टाकावा. मग सुरी उलटी धरून तिच्या पाठीच्या धारदार काठाने लाकूड खरवडावे. सुरीची पाठ गोलसर असेल तर हे जमत नाही. काठ काटकोनी हवा, किंवा फुटलेल्या काचेची कड चालते. खरवडल्यावर खोबऱ्याच्या किसासारखा, हाताला किंचित चिकट लागणारा कीस निघतो. सुपारीएवढा ढीग पुरतो. हवेत फार दमटपणा असेल तर लिंबाएवढा करावा. वारा किंवा पाऊस असेल तर हा कीस सालीच्या वाळक्या तुकड्यावर जमवून अंगाच्या आडोशाला धरावा. आगपेटीच्या एका काडीने तो पेटतोच, आणि फेरो रॉडची ठिणगी नेमकी त्यात पडली तर काडीचीही गरज लागत नाही.

कीस एक-दोन मिनिटे जळतो. तेवढ्या अवधीत त्याच्यावर काय ठेवायचे ते आधीच हाताशी असले पाहिजे, आणि शेकोट्या बहुधा येथेच विझतात. म्हणून कीस पेटवण्यापूर्वी फॅटवुडच्याच आठ-दहा सळया चिरून ठेवाव्यात, काही आगकाडीएवढ्या, काही पेन्सिलीएवढ्या. चिरण्यासाठी सुरीचे पाते तुकड्याच्या टोकावर ठेवून पाठीवर दुसऱ्या लाकडाने ठोकावे. त्यानंतर करंगळीएवढ्या आणि अंगठ्याएवढ्या साध्या काटक्यांचे दोन ढीग लावावेत. विकत आणलेला ओंडका भिजला असला तरी त्याचा गाभा बहुधा कोरडा असतो. तो चार फाकांत फोडला तर आतल्या बाजू आगीकडे करता येतात.

जमीन ओली असेल तर पायाला मनगटाएवढी दोन-तीन लाकडे शेजारी-शेजारी आडवी टाकावीत, म्हणजे ओल खालून आग खात नाही. त्यांवर कीस, किसावर तिरक्या सळया, सळयांवर करंगळीएवढ्या काटक्या. रचना घट्ट दाबू नये. हवा खेळती राहिली पाहिजे. राळेची ज्वाळा पिवळी, उंच आणि धुराने काळी असते. तिला पाहून हुरळून जाऊन लगेच मोठे ओंडके लादण्याचा मोह होतो. तो टाळावा. करंगळीएवढ्या काटक्या स्वतःच्या ज्वाळेने जळू लागल्या, की मगच पुढचे माप घालावे. फुंकर मारायची झाल्यास ती वरून न मारता खालून, लांब आणि संथ मारावी. गावी फुंकणी वापरलेल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही.

हाताला लागलेली राळ नुसत्या साबणाने निघत नाही. आधी थोडे खाद्यतेल चोळावे, मग साबण लावावा.

या लाकडाची काजळी मात्र त्रासदायक आहे. राळ जळत असताना त्या धुरावर कणसे किंवा पनीर भाजले तर त्यांना टर्पेंटाइनची कडवट चव येते आणि भांड्यांची बुडे डांबरासारखी काळी होतात. राळ जळून जाऊन साध्या लाकडाचे निखारे पडल्यावरच स्वयंपाकाला लागावे. घरच्या फायरप्लेसमध्येही ते पेटवण्यापुरते एखाद-दुसऱ्या सळईहून जास्त वापरू नये. काजळी धुराड्यात साठत जाते आणि पुढे तीच पेट घेते.

डांबराचे राज्य

सुपारीएवढ्या किसात शेकोटी पेटवणारे हे लाकूड एकेकाळी साम्राज्यांच्या हिशेबात मोजले जात होते. लाकडी जहाजांच्या फटी बुजवायला आणि दोरखंड टिकवायला डांबर लागे, आणि इंग्लंडच्या आरमाराला ते स्वीडन व बाल्टिक किनाऱ्यावरून आणावे लागे. ही परावलंबिता मोडण्यासाठी १७०५ साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून अमेरिकन वसाहतींतील डांबर व राळ यांवर बक्षीस रक्कम जाहीर केली. नॉर्थ कॅरोलिनाच्या लाँगलीफ जंगलात मग डांबराच्या भट्ट्या उभ्या राहिल्या. मेलेल्या पाइनचे राळदार लाकूड उतरत्या जमिनीवर रचायचे, त्यावर माती लिंपायची आणि हवा कोंडून ते अनेक दिवस धुमसत ठेवायचे. वितळलेले डांबर चरातून वाहत पिंपात जमा होई. भट्टी फुटण्याची भीती असे, म्हणून रात्रंदिवस पहारा लागे. ही कामे मुख्यतः गुलाम केलेल्या आफ्रिकी वंशाच्या माणसांकडून करून घेतली गेली. नॉर्थ कॅरोलिनाच्या लोकांना आणि तेथील विद्यापीठाच्या संघांना आज अभिमानाने लावले जाणारे ‘टार हील’ हे नाव टाचेला चिकटलेल्या या डांबरावरून आले आहे.

एकोणिसाव्या शतकात टर्पेंटाइनची मागणी वाढली तेव्हा मेलेल्या लाकडावर भागेना. जिवंत झाडांच्या बुंध्यात खोल खाचा पाडून राळ गोळा केली जाऊ लागली. खाचांनी दुबळी झालेली झाडे वादळात मोडत, वणव्यात जळत, आणि कंत्राटदार पुढच्या रानाकडे सरकत. जॉर्जियातील रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स हर्टी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी खाचेऐवजी पन्हळ आणि मडके वापरण्याची पद्धत रुजवली, त्याने झाडांची हानी कमी झाली. माणसांची झाली नाही. गुलामगिरी संपल्यावरही टर्पेंटाइनच्या छावण्या कर्जात अडकवलेल्या मजुरांवर आणि भाड्याने घेतलेल्या कैद्यांवर चालत राहिल्या. लेखिका झोरा नील हर्स्टन यांनी १९३९ मध्ये फ्लोरिडातील अशा छावणीत जाऊन तेथील मजुरांचे जगणे नोंदवून ठेवले आहे. जंगल तोडून संपल्यावर उरलेले बुंधेही सुटले नाहीत. जॉर्जियाच्या ब्रन्सविक येथील कारखान्यात ते उकरून आणले जात आणि चुरा करून त्यांतली राळ काढली जाई.

परिणाम आकड्यांतच दिसतो. युरोपीय वसाहतीपूर्वी लाँगलीफचे जंगल सुमारे ९ कोटी एकरांवर होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस ते जेमतेम ३० लाख एकरांवर आले. पुनर्लागवडीच्या प्रयत्नांनंतर आता ते ५० लाखांच्या आसपास आहे. तोड हे एक कारण झाले, आणि आग रोखणे हे दुसरे. लाँगलीफला दर दोन-चार वर्षांनी जमिनीलगतची हलकी आग हवी असते. त्याचे रोप पहिली काही वर्षे गवताच्या झुपक्यासारखे जमिनीशी बसून खाली मूळ वाढवते, आणि लांब सुयांच्या आड त्याचा कोंब आगीतून वाचतो. आग बंद केल्यावर इतर झाडांनी त्याला सावलीत गाठले. या जंगलातील रेड-कॉकेडेड वुडपेकर हा सुतार पक्षी जिवंत, जुन्या पाइनमध्येच ढोली कोरतो आणि ढोलीभोवती छिद्रे पाडून राळ वाहती ठेवतो, म्हणजे साप वर चढू शकत नाही. त्याची गणना १९७० पासून नष्टप्राय प्रजातींत होत होती. २०२४ मध्ये तो एक पायरी वर, धोक्यातील प्रजातींत आला.

या पार्श्वभूमीवर फॅटवुडसाठी जुने बुंधे खणून काढणे समर्थनीय वाटत नाही. ते शतकापूर्वीच्या झाडांचे आहेत, नव्याने तयार होणारे नाहीत, आणि त्यांच्या पोकळ्यांवर सापांपासून बेडकांपर्यंत अनेक जीव अवलंबून आहेत. काही बुंध्यांवर टर्पेंटाइनसाठी पाडलेल्या तिरक्या खाचांच्या ओळी अजून दिसतात. त्यांना कॅटफेस म्हणतात. तो त्या मजुरांच्या हातचा उरलेला पुरावा आहे, त्याला सुरी लावू नये. पडलेल्या ओंडक्याच्या दोन खुंट्यांत शेकोटीचे काम होते.

कायदा काय म्हणतो

नियम जागेगणिक बदलतात. नॅशनल फॉरेस्टमध्ये त्याच ठिकाणच्या शेकोटीसाठी पडलेले, मेलेले लाकूड वेचण्यास सामान्यतः मुभा असते. नॅशनल पार्कमध्ये प्रत्येक पार्कचा नियम निराळा: ग्रेट स्मोकी माउंटन्समध्ये पडलेले लाकूड वेचता येते, पण बाहेरून आणायचे सरपण २०१५ पासून उष्णता देऊन प्रमाणित केलेलेच असावे लागते. याचे कारण कीड. २००२ मध्ये मिशिगनमध्ये आढळलेला एमराल्ड ॲश बोरर हा भुंगा सरपणाच्या गाड्यांतून राज्याराज्यांत पोहोचला आणि ॲशची कोट्यवधी झाडे त्याने मारली. म्हणून एका रानात वेचलेले लाकूड, फॅटवुड असले तरी, दुसऱ्या राज्यात नेऊ नये. अनेक स्टेट पार्कांत काहीही वेचण्यास मनाई असते. तेथे दुकानातली जुडी न्यावी. ती बहुधा मध्य अमेरिकेतील किंवा मेक्सिकोतील पाइनची असते आणि काम तेवढेच चोख करते. कॅलिफोर्नियात विकसित कॅम्पग्राउंडांबाहेर शेकोटीसाठी विनामूल्य परवाना घ्यावा लागतो. न्यू जर्सीच्या पाइन बॅरन्समध्ये कोरड्या वाऱ्याच्या दिवसांत शेकोटीवर निर्बंध येतात, आणि ते गांभीर्याने घ्यावेत, कारण तेथील सारे रानच राळेचे आहे.

शेकोटी तंबूपासून आणि झुडपांपासून निदान पंधरा फूट दूर असावी. राळेच्या ठिणग्या नायलॉनला भोके पाडतात. विझवताना पाणी ओतावे, राख काठीने ढवळावी, पुन्हा ओतावे, आणि हाताची उलटी बाजू राखेजवळ नेऊन ऊब जाणवत नाही याची खात्री करावी. फॅटवुडचा अर्धवट जळलेला तुकडा राखेखाली हवा कमी असतानाही बराच वेळ धुमसत राहतो, म्हणून तो काठीने बाहेर ओढून पाण्यात पूर्ण बुडवावा.